स्टेरॉइडवाल्याचा थायरॉइड-प्रोलॅक्टिन रिपोर्ट: या चुका टाळा

जळगाव असो की धुळे, जिमच्या पायरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "भो, थायरॉइड लो आलाय, कोणती गोळी घेऊ?" आणि पुढचा भो लगेच गोळीचं नाव सांगतोही.

टोटल टी-४ (थायरॉइडच्या हार्मोनचा एकूण आकडा) कमी, म्हणजे थायरॉइड बिघडला. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रक्तातलं ९९.९७ टक्के टी-४ प्रथिनांना चिकटून फिरतं. त्यातलं बहुतेक टीबीजी नावाचं प्रथिन वाहून नेतं आणि ते यकृतात तयार होतं. टेस्टोस्टेरॉन, स्टॅनोझोलॉल यांसारखी स्टेरॉइड घेतली की यकृत टीबीजी कमी बनवतं. वाहकच घटला, म्हणून टोटल आकडा पडतो. शरीराच्या कामाचं मोकळं टी-४ मात्र जागेवरच असतं. रावेरच्या रस्त्यावर ट्रक कमी दिसले, म्हणून बाजारात केळी संपली असं होत नाही.

अमळनेरकडच्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोराचं उदाहरण घ्या. टोटल टी-४ ३.८, म्हणजे कमी; टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन; गोळी जास्त झाली की ते पडतं) १.९, म्हणजे नॉर्मल. पॅकेज स्वस्तातलं, त्यामुळे फ्री, म्हणजे मोकळं, टी-४ मोजलंच नव्हतं. जिममधल्या दादाने थायरॉक्सिन (टी-४ चीच गोळी) १०० मायक्रोग्रॅम सुरू करायला लावलं, वर "चरबी पण उतरेल" हे आमिष. दोन महिन्यांत टीएसएच ०.०५ च्या खाली. बसल्या जागी नाडी ११०, हाताला कंप, झोप गायब, १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीतच धाप. चरबी उतरली म्हणावी तर सोबत मांड्याही वाळल्या. टीएसएच पहिल्यापासून ठणठणीत होतं, कोणी पाहिलं नाही इतकंच.

टीएसएच आणि फ्री टी-४ एकाच वेळी काढा. दोन्ही नॉर्मल असतील तर गोळी नको. स्टेरॉइड थांबलं की टीबीजी काही आठवड्यांत आपोआप वर येतं. डॉक्टरांनी खरंच थायरॉक्सिन दिलं असेल, तर त्याचं अर्धायुष्य (निम्मं औषध अंगातून जायला लागणारा वेळ) साधारण ७ दिवसांचं आहे हे लक्षात ठेवा. सहा आठवड्यांआधी टीएसएच मोजणं म्हणजे कपाशी पेरून तिसऱ्या दिवशी उकरून बघणं.

केसांसाठी बायोटिन चालू ठेवून रक्त देणं. ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्यांमुळे काही मशीनवर टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी-४ खोटं जास्त दिसतं. निदान दोन दिवस आधी बंद.

जिममधून थेट लॅबमध्ये. व्यायाम, झोप, सुईची भीती, सगळ्यांनी प्रोलॅक्टिन (बाईच्या अंगावर दूध आणणारं हार्मोन, पुरुषातही थोडं असतं) चढतं. उठल्यावर दोन-तीन तासांनी, उपाशीपोटी, २० मिनिटं शांत बसून रक्त द्या. त्या सकाळी व्यायाम नको. गाठ आली का म्हणून छाती दाबून बघणंही नको, त्यानेही आकडा हलतो.

अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलचा उल्लेख न करणं. ही माझी खास चीड. रात्री शेवभाजी, सकाळी पोटभर प्रोटीन, मग मेडिकलवरून पट्टी. त्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. प्रोलॅक्टिनला लगाम घालणारं डोपामिन ही औषधं अडवतात, आणि आकडा नॉर्मलच्या कित्येक पट जातो. दोष मात्र नँड्रोलोन या स्टेरॉइडला. पट्टीमागचं बारीक अक्षर वाचा, डॉक्टरांना विचारून ती तीन दिवस थांबवा, मग परत मोजा.

छाती सुजली की कॅबरगोलिन (प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी). ती सूज बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन झाल्यामुळे येते, प्रोलॅक्टिनमुळे नव्हे. कॅबरगोलिनने मळमळ होते, उठताना चक्कर येते, सूज जिथल्या तिथे. प्रोलॅक्टिन २०० नॅनोग्रॅम/मिलीच्या वर असेल किंवा डोकं दुखून कडेचं दिसेनासं झालं असेल, तर जिमचा सल्ला पुरे, एमआरआय लागेल.

खरा थायरॉइड कमी असला तरी प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून दोन्ही तपासण्या एकाच रक्तातून करा. डॉक्टरांकडे जाताना कागदावर औषधाचं नाव आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून न्या. नँड्रोलोन डेकॅनोएट शेवटच्या सुईनंतरही आठवडेच्या आठवडे अंगात असतं, त्यामुळे "महिन्यापूर्वीच बंद केलं" एवढ्यावर भागत नाही.