झेरॉक्सच्या दुकानात आधार पाठवताय?
सांगलीत विश्रामबागला काय नि साताऱ्यात पोवई नाक्यावर काय, आपण सरळ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधारची पीडीएफ टाकतो, प्रिंट घेतो आणि निघतो, पण ती फाईल तिथल्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहते ना. नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी डाउनलोड झालेली कॉपी काय जात नाही, म्हणून तिथंच उभं राहून डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधनं पण, ओळखीचा असला तरी सांगाच. आणि आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या साईटवरनं मास्क्ड आधार काढून ठेवा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निवांत राहू नका, नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, एवढाच असतो तो, ओळखीतल्या कुणालाही सहज जमेल.