कोकणात आयटीआयचा नवा ट्रेड (अभ्यासक्रम) सुरू करताय? या चुका टाळा

रत्नागिरीत बर्फ कारखान्यांची आणि हॉटेलांची शीतयंत्रं सांभाळण्याचं माझं काम. दरवर्षी आयटीआयचे अप्रेंटिस घेतो. मुलांच्या हातात कसब असतं. चुकतात ते त्यांना काय, कुठे आणि कधी शिकवायचं हे ठरवणारे.

फोनवर मागणी विचारणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. संस्थेतून फोन येतो, "किती फिटर, किती एसी मेकॅनिक लागतील?" मालक घाईघाईत आकडा सांगून मोकळा होतो. कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, हे ना कोणी विचारत, ना कोणी सांगत.

बंदराजवळच्या एका कारखान्यात रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड चांगल्या मार्कांनी पास झालेला मुलगा आला. प्रेशर गेजची लाइन बदलायला सांगितली. त्याने तांब्याची नळी कापली, तिचं तोंड फुलवलं (फ्लेअर केली), पितळी नट चढवला. काम अगदी सुबक. जोडणार एवढ्यात जुन्या ऑपरेटरने त्याचा हात धरला. "अरे बाळा, अमोनियाचा प्लांट हा. तांबं-पितळ खाऊन टाकतो तो. इथे लोखंडी पाइपच." पोराचा चेहरा उतरला. तो शिकला घरगुती फ्रिज आणि विंडो एसीवर, अमोनिया त्याने फक्त वहीत उतरवलेला. ती लाइन कधी ना कधी फुटलीच असती आणि अमोनिया डोळ्यांवर, फुप्फुसांवर जातो. मालकाने त्या दिवसापासून आयटीआयची मुलं घेणंच बंद केलं. त्यात त्या मुलाचा काय दोष?

माझं सांगणं एकच. ट्रेड शिकवणाऱ्या निदेशकाने अख्खी एक पाळी कारखान्यात उभं राहावं. मालकाला नमस्कार करून पुढे जावं आणि फोरमनशी बोलावं. मेंटेनन्सच्या वहीत वर्षभरात काय काय बिघडलं ते उतरवून घ्यावं आणि प्रात्यक्षिकांची यादी त्यावरून करावी. एका दिवसात गुगल फॉर्म भरून घेणाऱ्या सर्वेक्षणावर माझा काडीचाही विश्वास नाही.

किनाऱ्याचं कॅलेंडर न बघणं

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, सगळीकडे बोटी वर ओढतात, इंजिनं खोलतात, फायबरची डागडुजी करतात. बर्फ कारखान्यांचीही मोठी दुरुस्ती तेव्हाच. गॅरेजवाला माणसं शोधत फिरतो आणि आयटीआयत त्याच सुमारास परीक्षा आणि नव्या प्रवेशांची धावपळ. मुलं दिवाळीनंतर जेटीवर येतात तेव्हा बोट समुद्रात. डिझेल मेकॅनिकची थिअरी मेअखेर उरकून टाका आणि जूनमध्ये तीन आठवडे तरी मुलं बोटींवर घाला. एक इंजिन पुरतं खोलून पुन्हा बसवल्याशिवाय बॅच सोडू नका.

आणखी काही

मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांतल्या नव्या एसींत आर-32 हा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. जुन्या, पेट न घेणाऱ्या आर-22 वर शिकलेला मुलगा लाइनीत गॅस शिल्लक असताना जोडकामाची ज्योत (टॉर्च) लावतो. आधी गॅस काढून नायट्रोजन फिरवायची सवय पहिल्या महिन्यातच लावा.

लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांना पाळीवरचे प्लांट ऑपरेटर लागतात. त्यासाठी अटेंडंट ऑपरेटर हा ट्रेड आहे. तरी जो तो इलेक्ट्रिशियनच्याच तुकड्या वाढवतो.

2007-08 पासून केंद्राने निवडक शासकीय आयटीआयच्या व्यवस्थापन समित्यांना 2.5 कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज दिलं, उद्योजकांनी लक्ष घालावं म्हणून. समितीवर बर्फवाला, बोटीचा मेस्त्री, काजू कारखानदार यांनाही बोलवा. नुसता मोठ्या कंपनीचा साहेब नको.

तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन मुंबई गाठायची घाई असलेल्या मुलांना स्पष्ट सांगा, वेल्डिंगला हात बसायला वेळ लागतो. पालकांनाही बोलावून सांगा.

शेवटचं, ऑफर लेटर मोजून प्लेसमेंटचा आकडा लावू नका. सहा महिन्यांनी मुलाला आणि फोरमनला दोघांनाही फोन करा. नोकरी सोडली असेल तर कारण विचारा. माझ्याकडून गेलेल्या मुलांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा राहायची खोली आणि रात्रपाळीनंतरची एसटी हेच निघालं. लोटे एमआयडीसीत मुलं पाठवण्याआधी या दोन्हींची सोय कारखान्याकडून लिहून घ्या.