कोवालिक वाचायला घेताना

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी तादेउश कोवालिक (१९२६–२०१२) हा पोलिश अर्थतज्ज्ञ घेतला. पहिल्या मसुद्यात त्यांना सरळ 'साम्यवादविरोधी' म्हणून मोकळी झाले. मार्गदर्शक बाईंनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, "मग १९९० नंतर ते कोणाच्या विरोधात होते?" पोलंडमधली साम्यवादी राजवट तर १९८९ मध्येच संपली होती. पुढचे दोन महिने त्या एका ओळीत गेले. तुम्हीही हा विषय घेणार असाल तर सुरुवात तिथूनच करा.

कोवालिक हे समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांचे विद्यार्थी. मार्क्सवादी विचारवंत रोझा लक्झेंबर्गच्या सिद्धांतावर त्यांनी ग्रंथ लिहिला. १९६८ मध्ये सत्ताधारी साम्यवादी पक्षातून काढले गेले, तरी समाजवादी ते समाजवादीच राहिले. ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात संप पेटला, तेव्हा कामगारांच्या बाजूने वाटाघाटींत मदत करायला तज्ज्ञांचा एक गट गेला. त्यात ते होते. त्या संपाच्या २१ मागण्या प्लायवुडच्या फळ्यांवर हाताने रंगवून फाटकावर लावल्या होत्या. त्या फळ्यांचा फोटो नक्की बघा आणि मागण्या एकेक करून वाचा. पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची आहे. पुढे पगार, मांसाचा पुरवठा, पाळणाघरं, बाळंतपणाची रजा. कारखाने खासगी मालकांना द्या, असं त्यात कुठेही नाही. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो हे वाचताना.

त्या तज्ज्ञगटाचे प्रमुख होते तादेउश माझोविएत्स्की. तेच १९८९ मध्ये पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच सरकारात अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांनी १ जानेवारी १९९० पासून 'शॉक थेरपी', म्हणजे एका झटक्यात बाजारव्यवस्थेकडे वळणं, लागू केली. तोवर बेरोजगारी जवळपास नव्हतीच. १९९३ च्या अखेरीस ती १६ टक्क्यांवर गेली. दुसरा मार्गच नव्हता, हे कोवालिकना कधीच पटलं नाही. सरकार आणि विरोधक यांच्यात झालेल्या एप्रिल १९८९ च्या गोलमेज करारात कामगारांचं स्वव्यवस्थापन होतं, मालकीचे वेगवेगळे प्रकार होते, मग ते बाजूला कोणी आणि का सारलं, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यासमोर नमुना होता स्कँडिनेव्हियाचा. कालच्या सोबत्यांना हे तोंडावर विचारायला किती धैर्य लागलं असेल! माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे.

वाचनाचा क्रम? त्यांचं २०१२ मध्ये इंग्रजीत आलेलं 'फ्रॉम सॉलिडॅरिटी टू सेलआउट' (सॉलिडॅरिटी म्हणजे त्या संपातून उभी राहिलेली कामगार संघटना) मी आधी घेतलं आणि अडकले. त्याऐवजी १९७१ चा छोटा निबंध घ्या, त्यांनी ज्येष्ठ पोलिश अर्थतज्ज्ञ मिखाऊ कालेत्स्कींबरोबर लिहिलेला. युद्धोत्तर भांडवलशाहीने सरकारी हस्तक्षेपातून रोजगार टिकवून स्वतःला कसं सावरलं, हा त्याचा विषय. (पोलिशमध्ये 'सी' अक्षराचा उच्चार 'त्स' होतो. चर्चासत्रात मी दोनदा 'कलेकी' म्हणाले होते.)

कालेत्स्की आपल्याला तसे परके नाहीत. भारताच्या तिसऱ्या योजनेच्या पैशाच्या प्रश्नावर त्यांनी १९६० मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक वीकली'त लिहिलं होतं. तो लेख जुन्या अंकांत मिळतो. गुरुवर्गातल्या माणसाची पद्धत कळली की कोवालिक सोपे जातात.

आणि वहीत दोन रकाने करा. डावीकडे वर्ष, उजवीकडे त्या वर्षी कोवालिक कोणापुढे 'नाही' म्हणाले. माझ्या वहीत १९६८ आणि १९९० समोरासमोरच्या पानांवर आले.