छोट्या शहराने बांधकाम परवान्यांचं रेशनिंग कसं करायचं: पेटालुमाकडून काय घ्यायचं आणि काय टाळायचं

शहर भसाभस वाढतंय, शाळेत वर्ग पुरत नाहीत, ड्रेनेजवर ताण आलाय आणि कौन्सिलपुढे दर मीटिंगला नव्या घरांच्या फायली येऊन पडतायत, अशा वेळी छोट्या शहराच्या हातात काय असतं? एक उपाय असा की वर्षाला किती घरांना परमिट द्यायचं याचा कोटाच बांधून टाकायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण करायला घेतलं की कळतं आकडा ठरवणं हा त्यातला सगळ्यात हलका भाग आहे, खरी कसोटी लागते ती हा कोटा कुणाला मिळणार हे ठरवताना. अमेरिकेत या पद्धतीची सगळ्यात गाजलेली केस कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाची, म्हणून तिच्याच आधाराने लिहितोय.

पेटालुमा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला साधारण ६५ किलोमीटरवर, सोनोमा काउंटीतलं (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) गाव. एकेकाळी अंडी आणि कोंबड्यांसाठी प्रसिद्ध, आजूबाजूला डेअऱ्या. मग हायवे १०१ मोठा झाला, सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला जाऊन येऊन राहणं जमायला लागलं आणि बिल्डर पूर्वेकडच्या सपाट रानात उतरले. १९६४ ते १९६९ या काळात वर्षाला २३४ ते ४४० घरं होत होती, १९७० ला एकदम ५९१ आणि १९७१ ला ८९१! १९७० च्या सुरुवातीला लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती, ती १९७२ च्या नोव्हेंबरपर्यंत ३०,५०० च्या घरात गेली. नवीन घरं जवळजवळ सगळी पूर्वेला, एकसारखी, एकेका कुटुंबाची, आणि जुनं गाव पश्चिमेला तसंच पडून. पूर्वेकडच्या शाळा दोन शिफ्टमध्ये भरवायची वेळ आली.

तर आता काम कसं करायचं ते बघू.

सगळ्यात आधी थोडा वेळ मिळवायचा. कोटा येणार अशी नुसती कुजबुज जरी झाली ना तरी प्रत्येक बिल्डर घाईघाईने अर्ज टाकून मोकळा होतो आणि कायदा पास होईपर्यंत पुढच्या पाच वर्षांची घरं मंजूर होऊन बसलेली असतात. म्हणून पेटालुमाने १९७१ च्या सुरुवातीला नव्या बांधकामांवर आणि झोन (कुठल्या जमिनीवर काय बांधायचं याची वर्गवारी) बदलण्यावर तात्पुरती बंदी घातली आणि त्या वेळात अभ्यास करून प्लॅन बनवला. इथे तात्पुरती हा शब्द जीव ओतून पाळायचा, बंदी कधी संपणार ती तारीख ठरावातच लिहायची. मुंबईत फेब्रुवारी २०१६ मध्ये डंपिंग ग्राउंडच्या प्रकरणात हायकोर्टाने नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या होत्या, आणि सुप्रीम कोर्टाने अटींवर सूट दिली तोवर मार्च २०१८ उजाडला. कचऱ्याचा प्रश्न खराच होता, त्यात वाद नाही, पण नुसतं सगळं थांबवणं वेगळं आणि मोजून मापून वाटणं वेगळं, छोट्या शहराला दुसरी गोष्ट करायची असते.

त्या वेळात कारण पक्कं करायचं. "गावाचं गावपण टिकवायचंय" एवढं मनात असणं ठीक आहे, पण कागदावर आकडे हवेत: सांडपाणी प्लांटची क्षमता किती आणि वापर किती, पाण्याचा करार किती लिटरचा, कुठल्या शाळेत किती जागा उरल्यात, आगीचा बंब कुठल्या भागात वेळेत पोचतो. एक काल्पनिक हिशेब करून बघा. समजा प्लांटमध्ये रोजची १० लाख लिटरची जागा शिल्लक आहे आणि एका घरातून रोज ६०० लिटर सांडपाणी येतं, म्हणजे साधारण १,६५० घरं मावतील. नवीन प्लांट उभा राहायला चार वर्षं लागणार असतील तर वर्षाला चारशेच्या आसपास घरं, त्यापलीकडे गेलात तर घाण नदीत जाणार. असा हिशेब असला की कोटा कुणाच्या मनातून आलाय असं कोणी म्हणू शकत नाही, आणि प्लांट झाला की कोटा वाढला पाहिजे हेही त्यातूनच ठरतं. त्याच वेळी प्लांटसाठी पैसे कुठून येणार हेही लिहून टाका, कारण काही शहरं कोटा लावतात आणि प्लांटचं कामच काढत नाहीत, मग ती टंचाई मुद्दाम ठेवलेली होते आणि हे मला साफ चुकीचं वाटतं.

आकडा किती ठेवायचा? पेटालुमाने १९७२ ते १९७७ या पाच वर्षांसाठी वर्षाला ५०० घरं धरली. नीट बघा, ५०० हा आकडा १९६९ पर्यंतच्या प्रत्येक वर्षापेक्षा जास्त होता! म्हणजे वाढ बंद केलीच नाही, फक्त १९७१ चा उधळलेला वेग खाली आणला. माझ्या मते पुढे कोर्टात टिकण्यात याचा मोठा वाटा होता. काही शहरं टक्केवारीने जातात, कोलोरॅडोतल्या बोल्डरने १९७६ मध्ये मतदान घेऊन वर्षाला साधारण २ टक्क्यांच्या आसपासची मर्यादा आणली, त्याच राज्यातल्या गोल्डन शहराने १९९६ पासून १ टक्का. टक्केवारी सांगायला सोपी पण तिचा पाण्याशी, शाळेशी थेट संबंध नसतो, एक टक्काच का, दीड का नाही, असं कोणी विचारलं की उत्तर देता येत नाही. म्हणून मी तरी क्षमतेवरून काढलेला आकडा घेईन.

आता वाटप. पहिला येईल त्याला पहिलं, असं ठेवलं तर काय होतं माहितीय का, रेशनच्या दुकानात पहाटेच पाच पिशव्या लावून ठेवणाऱ्यासारखं, ज्याच्याकडे माणसं आणि वकील जास्त तो बिल्डर पहिल्याच दिवशी सगळा कोटा उचलतो. पेटालुमाने म्हणून मार्कांची पद्धत आणली. प्रत्येक प्रोजेक्टला मार्क द्यायचे: शहराच्या आराखड्याशी जुळतंय का, डिझाईन कसं आहे, मोकळी जागा आणि खेळायची सोय आहे का, कमी आणि मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी घरं आहेत का. ज्याला जास्त मार्क त्याला त्या वर्षीच्या कोट्यातून घरं. शिवाय वाटणी पूर्व-पश्चिम जमेल तितकी सारखी, स्वतंत्र घरं आणि भाड्याच्या घरांसकट अनेक कुटुंबांच्या इमारती यांतही सारखी, आणि वर्षाच्या ८ ते १२ टक्के घरं कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी. मला या सगळ्या प्लॅनमधला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच वाटतो.

मार्क कसे बसतात ते एका उदाहरणावरून बघा, उदाहरण माझं आहे. एका बिल्डरचा अर्ज पूर्वेला ६० स्वतंत्र घरांचा, ड्रेनेज लाईन एक किलोमीटर लांब, शाळा फुल्ल, स्वस्त घर एकही नाही. दुसऱ्याचा अर्ज जुन्या गावात बंद पडलेल्या गोदामाच्या जागी २४ फ्लॅटचा, लाईन दारातच, चार फ्लॅट कमी भाड्याचे. सुविधांसाठी ३० मार्क आणि लोकोपयोगासाठी ७० असे धरले तर पहिल्याला सुविधेत ८ आणि बाकीत ३५ मिळतील, दुसऱ्याला २७ आणि ५५. पहिला बिल्डर ४३ वर राहिला, आता त्याच्यापुढे दोन रस्ते: पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, किंवा स्वतःच्या खर्चाने लाईन टाकून, दहा घरं स्वस्त करून परत अर्ज करायचा. हे दुसरं घडलं की शहर जिंकलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रामापोने तर १९६९ मध्ये हेच धरून नियम केला होता, ड्रेनेज, रस्ते, उद्यानं, फायर स्टेशन यांच्या जवळपणावर २३ पैकी १५ मार्क मिळाल्याशिवाय परवानगी नाही, पण कमी पडलेली सुविधा बिल्डरने स्वतः उभारली तर मार्क मिळायचे. तिथल्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने १९७२ मध्ये ते मान्यही केलं.

मार्क देताना "सौंदर्य" सारख्या रकान्याला फार वजन देऊ नका, तिथेच ओळखीपाळखी चालते. मोजता येईल असं जितकं जास्त तितकं भांडण कमी. आणि मार्कांचा तक्ता सगळ्यांसाठी खुला ठेवा, कुणाला कशात किती मिळाले ते गावातल्या माणसाला बघता आलं पाहिजे.

पळवाटा आधीच बुजवा. पेटालुमाचा नियम पाच किंवा जास्त घरांच्या प्रोजेक्टलाच लागू होता, एखाद्याला स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचंय तर त्याला रांगेत उभं करायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग मोठा बिल्डर चाळीस घरांचे चार-चारचे दहा तुकडे करून दहा नावांनी अर्ज करू शकतो, त्यामुळे लागून असलेले प्लॉट आणि एकच मालक किंवा भागीदार असेल तर सगळं एक प्रोजेक्ट धरायचं असं स्पष्ट लिहा. तसंच मिळालेला कोटा ठराविक मुदतीत वापरला नाही तर परत. नाहीतर परमिट हीच विकायची वस्तू होते, बांधणारा कुणी नाही आणि भाव मात्र चढतोय.

कोर्टाची तयारी ठेवायलाच हवी. पेटालुमावर बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने केस टाकली आणि १९७४ मध्ये खालच्या फेडरल कोर्टात शहर हरलं, लोकांना हवं तिथे जाऊन राहायचा हक्क आहे आणि हा प्लॅन तो मोडतो असं कोर्टाचं म्हणणं. अपिलात ऑगस्ट १९७५ मध्ये निकाल फिरला. वरच्या कोर्टाने म्हटलं, बाहेरून येऊ पाहणाऱ्या लोकांच्या हक्काबद्दल बिल्डरांनी भांडायचा अधिकार नाही, आणि गावाचं छोटेपण, मोकळ्या जागा जपणं आणि सावकाश, शिस्तीत वाढणं हा शहराचा वैध हेतू आहे. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला आणि विषय संपला.

पण त्याच केसमधला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या सगळ्याच गावांनी पेटालुमासारखं केलं तर १९७० ते १९८० या दहा वर्षांत १,०५,००० घरं कमी पडतील, म्हणजे गरजेच्या पाव भाग, असं खालच्या कोर्टापुढे आलं होतं. ही घरं ज्यांना मिळणार नव्हती ती माणसं कोर्टात नव्हती, कौन्सिलच्या मीटिंगला नव्हती आणि मतदार यादीत तर नव्हतीच. पुढे अभ्यासकांनी पेटालुमाची शेजारच्या गावांशी तुलना केली तेव्हा नव्या घरांच्या किमती वाढल्या आणि लहान, परवडणारी घरं कमी झाली असंच चित्र दिसलं. साहजिक आहे, बिल्डरला वर्षात मोजकीच घरं बांधायला मिळणार असतील तर तो महाग घरं बांधणार. म्हणून माझा आग्रह असा की परवडणारी घरं कोट्याच्या बाहेर ठेवा, पूर्णपणे. ८-१२ टक्क्यांची अट पुरत नाही. शिक्षक, नर्स, डेअरीवर काम करणारा माणूस हे सगळे गावासाठी राबणार आणि झोपायला मात्र पन्नास किलोमीटर लांब जाणार, तर त्यांच्या गाड्या तुमच्याच रस्त्यावरून धावणार ना? वाढ अडत नाही, ती शेजारच्या गावात जाते आणि ट्रॅफिक तुमच्याकडे येतो. शेजारच्या गावांशी आणि काउंटीशी आधी बसून बोला, त्यांचा आराखडा काय आहे ते बघा.

आणि राज्याचा कायदा तपासल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका, कारण आता हवा बदललीय. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून बहुतेक शहरांना घरांच्या संख्येवर असे नवे कोटे लावायला मनाई केली, काही जुन्या, मतदानाने आलेल्या कोट्यांना अपवाद ठेवून. कोलोरॅडोतल्या लेकवुडने २०१९ मध्ये मतदानाने १ टक्क्याची मर्यादा आणली आणि २०२३ मध्ये राज्यानेच अशा मर्यादांवर बंदी घातली. घरांची टंचाई इतकी टोकाला गेलीय की राज्यांना हे करावं लागलं, आणि मला ते पटतं. अशा ठिकाणी उरतं ते शहराची हद्दरेषा ठरवणं, जसं पेटालुमाच्या मतदारांनी १९९८ मध्ये केलं, म्हणजे रेषेच्या बाहेर शेती, आत मात्र दाट बांधा. पश्चिमेकडच्या जुन्या गावाला खरा फायदा त्यातूनच होतो.

कोटा लावलाच तर दरवर्षी चार गोष्टी मोजायच्या: किती परमिट दिली आणि त्यातली प्रत्यक्ष किती बांधली गेली, त्या वर्षी विकलेलं सगळ्यात स्वस्त नवं घर कितीला गेलं, शहराच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांपैकी किती जण गावात राहतात, आणि ज्या सुविधेच्या नावाने कोटा लावला तिचं काम कुठवर आलं. शेवटच्या रकान्यात दोन वर्षं काहीच हललं नाही तर कोटा आपोआप रद्द होईल असं कलम ठरावातच घाला. कौन्सिलला ते आवडणार नाही, पण प्लांटचं टेंडर वेळेवर निघतं ते अशाच कलमामुळे.