गेमिंगची आवड पोटापाण्याला लावताना

दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात फोंड्यापासून म्हापशापर्यंत वाड्यावाड्यांवर नरकासुराचे पुतळे उभे राहतात. ज्या मुलांनी रात्री जागून सांगाडा बांधला, कागदाचे थर चढवले आणि मुखवट्याच्या भुवया रेखल्या, त्यांतलीच कित्येक मुले पुढे वर्षभर मोबाइलवर गेम खेळतात आणि यातच करिअर करायचे आहे, असे घरी सांगतात. गेम बाजूला ठेवल्यावर आपले हात कशाकडे वळतात, ते त्यांनी आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते. कारण या क्षेत्रातील बहुतेक पगार गेम घडवणाऱ्यांना मिळतात.

मुखवटा करणाऱ्याने ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय मॉडेलिंग शिकावे. नियम रचण्यात रमणाऱ्याने गेम बनवायचे गोडॉट इंजिन उघडावे. ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि सुरुवातीच्या कामाला साधा लॅपटॉप पुरतो. सामना रंगवून सांगणाऱ्याला समालोचनाची वाट आहे, तर चाहत्यांचा गट सांभाळणाऱ्याला गेम कंपन्यांत कम्युनिटी मॅनेजरचे काम मिळू शकते. रीतसर शिक्षण हवे असल्यास आल्तिनोचे गोवा कला महाविद्यालय आणि फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय जवळच आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे.

यानंतर एक छोटा गेम पूर्ण करावा, पाच मिनिटांचा असला तरी चालेल. मी चतुर्थीच्या दिवसांत माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले टांगलेल्या लाकडी चौकटीवर, असा गेम केला होता. चौकटीला नारळ, चिबूड, सुपारीचे घोस बांधत जायचे आणि वजन एका बाजूला गेले की माटोळी कलायची. शेजारच्या मुलीच्या हाती तो दिला, तेव्हा नारळ बोटाने ओढायचा, हे तिला कळेल, असे मी गृहीत धरले होते. तिने नारळावर तीनदा टिचकी मारली, माझ्याकडे पाहिले आणि मोबाइल खाली ठेवला. त्या रात्री मी पहिला नारळ हलकेच झुलता केला आणि त्याखाली बोटाची सावली सरकवली. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या भावाने न विचारता तो ओढला. आपला गेम कुणी खेळत असताना मागे बसावे, तोंडातून चकार शब्द काढू नये आणि तो कुठे अडतो ते वहीत टिपावे.

गेम प्रसिद्ध करण्यासाठी इच डॉट आयओ या संकेतस्थळावर शुल्क नाही. गुगल प्लेवर एकदाच 25 डॉलर भरावे लागतात. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला 12 परीक्षकांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते, आणि नरकासुराच्या मंडळींत तेवढे जण सहज सापडतात. संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरावे लागतात, म्हणून तिथे पहिलाच प्रयोग नेण्याची घाई करू नये.

आवडत्या पात्रांची चित्रे काढून हात बसतो, परंतु दुसऱ्याच्या पात्राची चित्रे, टीशर्ट वा पुतळे परवानगीशिवाय विकणे 1957च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. त्यापेक्षा पेडण्याच्या दशावतारातला संकासुर, शिगम्यातली रोमटामेळाची मिरवणूक, सत्तरीतले रणमाले हे लोकनाट्य यांतून स्वतःची पात्रे घडवावीत. अशी पात्रे आपल्याइतकी जवळून पाहिलेला चित्रकार बाहेरच्या स्टुडिओला सहसा मिळत नाही.

ई-स्पोर्ट्सबद्दल, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांबद्दल, मी हात राखूनच सल्ला देतो. 2023मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना प्रथमच पदके होती, आणि 2025च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. त्याच कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नये. खेळाडूची कारकीर्द लहान असते, म्हणून सरावाबरोबर थेट प्रक्षेपण, संपादन किंवा मराठी-कोंकणी समालोचन शिकून घ्यावे आणि पदवी अर्धवट सोडू नये.

नोकरीचा अर्ज करताना ब्राउझरमध्ये लगेच उघडणारा गेम आणि मिनिटभराची चित्रफीत जोडावी. काम चौघांनी मिळून केलेले असल्यास त्यातील कोणता पडदा, कोणता मुखवटा किंवा कोणता कोड आपला आहे, हे पहिल्याच ओळीत लिहावे.