टाकाऊतून टिकाऊ करताना या चुका टाळा

मन लावून केलेली वस्तू महिन्याभरात पुन्हा कचऱ्यात जाते, तेव्हा हळहळ वाटते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: माल कशाचा आहे आणि आधी त्यात काय भरलं होतं, हे न बघताच काम सुरू झालेलं असतं. विकतच्या मालावर लेबल असतं. फेकलेल्या मालाची माहिती आपल्यालाच शोधून काढावी लागते.

प्लास्टिकचा रंग सोलतोय

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. डबा रंगवला, छान दिसला आणि आठवड्याभरात नख लागताच पापुद्रा निघाला. डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो; तो आधी वाचा. 2 म्हणजे एचडीपीई, 4 म्हणजे एलडीपीई, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या तिन्हींवर रंग आणि गोंद मुळात धरतच नाहीत. स्वच्छ डब्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. थेंब पसरले नाहीत, टपोरे गोळे होऊन बसले, तर रंगही तसाच वरवर बसणार.

अशा वेळी रंगाचा दुसरा हात देऊन काही साधत नाही. सुटलेला रंग पूर्ण खरवडून काढा, साबणाने तेलकटपणा घालवा, पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करा आणि या प्लास्टिकसाठी मिळणारा खास प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) लावूनच रंग द्या. माझं मत विचाराल तर रंगाच्या नादी न लागता डब्याला सुतळी किंवा कापड गुंडाळावं. जोड द्यायचा असेल तर गोंद सोडून स्क्रू, रिव्हेट किंवा भोकं पाडून ओवलेली दोरी वापरावी. हे जोड वर्षानुवर्षं टिकतात.

पाण्याच्या पातळ बाटल्यांवर 1 आकडा असतो. हे प्लास्टिक साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि ग्लू गनमधला गोंद त्याहून बराच गरम असतो. बाटली चिकटवताना आकसून वाकडी होते ती यामुळे.

रिकामा ड्रम कापणं

इथे चूक जिवावर बेतू शकते. तेल, थिनर किंवा रसायनाचा बंद ड्रम ग्राइंडरने कापू नका, त्याला वेल्डिंगही करू नका. तळाशी उरलेल्या थेंबांची वाफ आत कोंडलेली असते, ठिणगी पडली की स्फोट होतो. नुसतं पाण्याने विसळून हा धोका जात नाही. आत काय होतं ते ठाऊक नसेल तर तो ड्रम घेऊच नका.

पॅलेटचं लाकूड

पॅलेट म्हणजे माल ठेवायला आणि हलवायला वापरतात तो लाकडी फळ्यांचा चौथरा. त्याच्या फळीवरचा शिक्का शोधा. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात नको. शिक्का ठीक असला तरी तेलकट डाग किंवा उग्र वास असलेली फळी बाजूला ठेवा, कारण पॅलेटवर काय सांडलं होतं हे शिक्का सांगत नाही.

पॅलेट सुटा करताना फळ्यांना चिरा पडत असतील तर पहारीने उचकटणं थांबवा. पॅलेटचे खिळे बहुधा पिळाचे असतात, ते लाकूड घेऊनच बाहेर येतात. फळी आणि आधाराच्या फटीत लोखंड कापायचं पातं घालून खिळाच कापा. जुन्या रंगवलेल्या लाकडाला कोरडा पॉलिश पेपर मारू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ, विशेषतः लहान मुलांसाठी, फार घातक असते.

काच वेडीवाकडी तडकते

बाटली कापताना कटरची रेघ एकदाच, सलग ओढावी. त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवला की तडा वाट सोडतो. मग रेघेवर आळीपाळीने गरम आणि गार पाणी सोडा, घाई न करता. कड घासताना काच ओली ठेवा, म्हणजे बारीक चुरा हवेत उडत नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेली) काच मात्र कापता येत नाही, तिचे क्षणात बारीक तुकडे होतात.

जीन्सची पिशवी उसवते

कापड उजेडासमोर धरा. गुडघा आणि बैठकीचा भाग विरलेला दिसेल, तिथून पिशवीचे पट्टे कापू नका. मशीन टाके सोडत असेल तर 16 नंबरची जीन्सची सुई लावा आणि जाड शिवणीचा उंचवटा हातोडीने ठोकून सपाट करा. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला मात्र गोल टोकाचीच सुई लागते.

सगळंच चिकटवून टाकणं

काच, प्लास्टिक आणि लाकूड पक्क्या गोंदाने एकत्र डकवलं की ती वस्तू मोडल्यावर पुनर्वापराला पाठवता येत नाही. सुटी बाटली गेली असती, डकवलेली जात नाही. म्हणून जोड उघडता येतील असे ठेवा. एखादा भाग तुटला तर तेवढाच बदलता येतो आणि बाकीचा माल पुढच्या कामाला लागतो.