कांद्याच्या फ्रेंच सूपला कांदा किती परतायचा?

पॅरिसचा ‘ले आल’ हा घाऊक बाजार १९६९मध्ये शहराबाहेर गेला. तोवर तिथे रात्रभर राबणाऱ्यांना पहाटे हेच गरम सूप मिळायचं. याची सगळी चव कांद्यात असते, म्हणून तिथे घाई नको.

चौघांसाठी १ किलो कांदे उभे पातळ चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात ५० ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर १५ मिनिटं झाकून ठेवा, पाणी सुटू द्या. मग झाकण काढून किमान पाऊण तास परता. बिर्याणीसारखा कुरकुरीत कांदा नको. मुरांब्यासारखा मऊ, चकचकीत, तपकिरी हवा. आच वाढवलीत तर कडा करपतात आणि सूप कडवट होतं. बुडाला धरलेला तपकिरी थर अर्धा कप पांढऱ्या वाइनने सोडवून घ्या, खरी गोडी त्यातच आहे. चमचाभर मैदा, सव्वा लिटर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घालून अर्धा तास उकळा.

वरचा पाव शिळाच घ्या आणि कडक भाजा, ताज्याचा लगदा होतो. तो वाडग्यातल्या सूपवर ठेवा, त्यावर ग्रुयेर हे स्विस चीज किसून, चीजला फोड येईपर्यंत ग्रिलखाली ठेवा.